विचारा की सर : सूर्यावरचा बीम इथवर पोचतोच कसा?

मागच्या अंकात सौरवादळांबद्दल लिहिताना एक ओळ सहज टाकली होती, की सूर्यावरनं सुटलेले इलेक्ट्रॉन थेट पृथ्वीपर्यंत येतात. इलेक्ट्रॉनांचा हा झोत म्हंजे बीम, आणि तो येतो प्लाझ्मातनं, म्हंजे इलेक्ट्रॉन आणि धन चार्जचे आयन सुटे झालेल्या वायूतनं. त्या एका ओळीवर सांगली-साताऱ्याकडनं एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. पहिलं उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : सर, आम्हाला प्लाझ्मा फिजिक्सच्या पेपरला टू-स्ट्रीम इन्स्टॅबिलिटी आहे. प्लाझ्मातनं इलेक्ट्रॉनचा बीम सोडला की लाटा वाढतात आणि त्या बीमची एनर्जी खातात, असं शिकलोय. मग सूर्यावरनं निघालेला बीम वाटेतच संपायला पाहिजे ना? पुस्तकातलं गणित चुकीचं आहे का? आणि प्लाझ्मा एकसारखा नसेल तर स्टेबिलिटी काढायची कशी? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या सिलॅबसमध्ये नाही.
(एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : गणित बरोबर आहे गं, पण ते कशासाठी केलंय ते आधी बघ. १९४९ साली अमेरिकेत बोम आणि ग्रॉस, आणि त्याच वर्षी सोव्हिएत युनियनमध्ये अखिएझर आणि फाइनबर्ग, यांनी हे मांडलं तेव्हा प्लाझ्मा धरला होता अमर्याद पसरलेला आणि सगळीकडं सारख्या घनतेचा. त्यात थंड बीम सोडला, म्हंजे ज्यातले सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेगाचे आहेत असा, तर लाटेच्या वाढीचा दर येतो ०.६९ गुणिले घनतेच्या गुणोत्तराचं (बीमची भागिले प्लाझ्माची) घनमूळ गुणिले प्लाझ्मा फ्रीक्वेन्सी, म्हंजे प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन आपसूक ज्या तालात हेलकावतात ती. बीमची घनता प्लाझ्माच्या हजारांश जरी असली तरी हा दर प्लाझ्मा फ्रीक्वेन्सीच्या ७ टक्के पडतो, म्हंजे दोन-अडीच हेलकाव्यांत लाट पावणेतीन पट. भयंकरच की.

खरा बीम एवढा थंड नसतो, त्यात वेगांची पसरण असते. मग घनमूळ जातं आणि दर साध्या गुणोत्तराच्या प्रमाणात येतो, त्याला वेग भागिले पसरण याचा वर्ग गुणायचा. दर कमी होतो पण शून्य होत नाही, आणि १९६४ साली स्टुरॉकनं नेमकं यावरच बोट ठेवलं, की ह्या हिशोबानं सूर्यावरचा बीम निघाल्या निघाल्या संपायला पाहिजे. तुझा प्रश्न तोच आहे, पुस्तकांत त्याला स्टुरॉकचा पेच म्हणतात. तिकडं बीम तर येतोयच. १९५० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड यांनी सूर्याच्या रेडिओ स्फोटांचे प्रकार पाडले, त्यातला टाइप-थ्री ह्या बीममुळंच होतो, आणि १९७६ साली गर्नेट आणि अँडरसन यांनी सूर्याभोवती फिरणाऱ्या हेलिओस यानांच्या मोजमापांत त्या स्फोटांबरोबरच्या प्लाझ्मा लाटाही दाखवल्या. म्हंजे बीमही आहे, लाटाही आहेत, आणि बीम मेलेलाही नाही.

आता आकडे घालून बघू, त्याशिवाय ह्यातलं काहीच डोक्यात बसत नाही. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात, म्हंजे सूर्याकडनं सतत वाहणाऱ्या प्लाझ्मात, घन सेंटीमीटरला ५ इलेक्ट्रॉन धर, प्लाझ्मा फ्रीक्वेन्सी येते २० किलोहर्ट्झ, वरच्या सूत्रात घालताना तिला २ पायनं गुणायचं. बीमचा वेग प्रकाशाच्या एक दशांश, म्हंजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. बीमची घनता प्लाझ्माच्या दहा लाखांत एक धर आणि वेगातली पसरण एक तृतीयांश. दर येतो सेकंदाला साधारण एक. म्हंजे सेकंदात लाट पावणेतीन पट, हा एक टप्पा. बारीक खळखळीपासून मोठी लाट व्हायला असे वीसेक टप्पे लागतात असं समज, म्हंजे वीस सेकंद, तेवढ्यात बीम जाणार ६ लाख किलोमीटर, आणि एकूण वाट आहे १५ कोटींची. वाटेच्या अर्ध्या टक्क्यातच खेळ खल्लास. सूर्याजवळ तर घनता कितीतरी जास्त, तिथं अजून लवकर. प्रत्यक्षात मात्र ह्या वेगाचे इलेक्ट्रॉन ८३ मिनिटांत इथं हजर होतात.

लाट बीमकडनं एनर्जी कधी घेते? दोघांचा वेग जुळला तर. सांगली-मिरज रोडवर दोन पोरं दोन गाड्यांवरनं शेजारी शेजारी गप्पा मारत जातात तसं समज, वेग सारखा आहे तोवर गप्पा चालू, एकाचा वेग जरा बदलला की बोलणं तुटलं. पोरांनी हे करू नये हे वेगळं सांगायला नको. प्लाझ्मातल्या लाटेचा हा जो वेग, तिच्या शिखरांचा, म्हंजे फेज वेग, तो घनतेवर अवलंबून असतो. लाटेची फ्रीक्वेन्सी कायम राहते, पण ती जास्त घनतेकडं सरकली तर तरंगलांबी वाढते आणि फेज वेग वाढून बीमच्या पुढं जातो, कमी घनतेकडं सरकली तर फेज वेग कमी होतो आणि ती मागच्या हळू इलेक्ट्रॉनांच्या तावडीत सापडते, आणि ते तिला उलट खातात. दोन्हीकडं वाढ थांबली. १९६९ साली र्‍युटोव यांनी हे नीट मांडलं.

आणि हे किती नाजूक आहे बघ. सौरवाऱ्यात इलेक्ट्रॉनांचं तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं तर त्यांचा थर्मल वेग, म्हंजे उष्णतेमुळं इकडंतिकडं धावण्याचा वेग, सेकंदाला १,३३० किलोमीटर, बीम त्याच्या २२ पट. ह्या गुणोत्तराच्या वर्गानं ३ ला भागलं की येतात ०.६ टक्के. घनता एवढीशी वाढली की लाट पुढं जाऊच शकत नाही, परत फिरते. आणि बीमच्या पसरणीतनं बाहेर पडायला तर ०.४ टक्केच पुरतात. अर्धा टक्का सुद्धा नाही!

आता इथं बरेच जण घाईनं लिहितात की सूर्यापासून लांब जाताना घनता कमी कमी होत जाते म्हणून बीम वाचतो. मला हे पटत नाही, आणि का नाही ते कागदावर दोन ओळीत निघतं. घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धर, म्हंजे प्लाझ्मा फ्रीक्वेन्सी अंतराच्या व्यस्त. लाटेचा के, म्हंजे २ पाय भागिले तरंगलांबी, दर सेकंदाला किती बदलतो, तर प्लाझ्मा फ्रीक्वेन्सीच्या उताराएवढा. त्यावरनं फेज वेग कमी होण्याचा सापेक्ष दर काढलास की येतो बीमचा वेग भागिले सूर्यापासूनचं अंतर. आता त्याच जागी उभं राहून बीमकडं बघ, आधी वेगवान इलेक्ट्रॉन येऊन जातात, मग हळू, मग अजून हळू, तेव्हा तिथं दिसणारा बीमचा वेग अंतर भागिले वेळ असा कमी होत जातो, आणि त्याचाही सापेक्ष दर तोच, वेग भागिले अंतर. म्हंजे लाट आणि बीम दोघंही बरोबरीनंच हळू होतात, साथ सुटतच नाही. तो मोठा सावकाश उतार काही वाचवत नाही बीमला.

वाचवतात ते बारके चढउतार. सौरवाऱ्यात शे-दोनशे किलोमीटरच्या अंतरावर घनतेत टक्क्याच्या आसपास हेलकावे असतात. समज ३०० किलोमीटरमागं १ टक्का, तर वरच्याच पद्धतीनं फेज वेगाचा दर काढ, सेकंदाला ५० टक्के येतो! मोठ्या उताराचा दर होता पाच हजार सेकंदांत एकदा, हा त्याच्या अडीच हजार पट. पाऊण सेकंदाच्या आत लाट बीमच्या पसरणीबाहेर, आणि आपल्या वाढीला तर एका टप्प्यालाच एक सेकंद लागत होता. एक टप्पाही पुरा होत नाही, वीस कुठले.

अजून एक, लाटेची शिखरं बीमबरोबर पळत असली तरी लाट स्वतः, म्हंजे तिची एनर्जी, फार हळू सरकते. तिची ग्रुप व्हेलॉसिटी येते सेकंदाला जेमतेम १८० किलोमीटर, बीम तिच्यावरनं ३०,००० नं निघून जात असतो. म्हणून घनतेचा उतार मोजायचा तो लाट जेवढं सरकते तेवढ्या अंतरात, बीम जेवढा पळतो तेवढ्यात नव्हे. ही चूक मी चांगल्या चांगल्या सेमिनारांत बघितलीय.

मग स्टेबिलिटी काढायची कशी? सगळ्या जागेसाठी एकच ग्रोथ रेट असतो हे डोक्यातनं काढून टाक. घनता बदलती असली की ई-टू-द-आय-के-एक्स, म्हंजे सगळीकडं एकाच तरंगलांबीची लाट, हे उत्तरच बसत नाही. घनता तरंगलांबीच्या मानानं सावकाश बदलत असेल तर डब्ल्यूकेबी ही अंदाजी पद्धत लाव, प्रत्येक जागी तिथला के काढ, जिथवर बीमशी जुळतंय तिथवर वाढीच्या दराला ग्रुप व्हेलॉसिटीनं भागून बेरीज कर. ती बेरीज एक-दोनच आली तर इन्स्टॅबिलिटी कागदावर आहे, प्रत्यक्षात काही बिघडत नाही. वीस आली तर बीमची खैर नाही. आणि हो, लाट वाढत वाढत निघून जाते का त्याच जागी वाढत राहते, म्हंजे कन्व्हेक्टिव्ह का अ‍ॅब्सोल्यूट, हे आधी ठरव. घनतेच्या खळग्यात लाट दोन्ही बाजूंनी परतून अडकते, तिथं तिला निघून जायला जागाच नाही, मग ती तिथं वाढू शकते. यानांना लाटा सलग न दिसता गुच्छागुच्छांनी दिसतात, त्याची एक कारणमीमांसा हीच आहे. मॅडमना माझा नमस्कार सांग, सिलॅबसमध्ये नाही ही तक्रार माझीही आहे.

प्रश्न : मी रेल्वेतनं रिटायर झालोय, जुना शॉर्टवेव्ह रेडिओ अजून आहे. दुपारी मधेच खरखर येते ती हीच का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : काका, बहुतेक नाही. शेजारच्या घरातला एलईडीचा ड्रायव्हर किंवा मोटारीचा स्टार्टर याचा संशय आधी घ्या, रेडिओ बाहेर अंगणात नेऊन बघा. पण टाइप-थ्रीचा आवाज जमिनीवर ऐकू येत नाही असं मात्र नाही. बीम जिथनं जातो तिथल्या प्लाझ्मा फ्रीक्वेन्सीवर किंवा तिच्या दुपटीवर रेडिओ लाटा निघतात, सूर्याजवळ शेकडो मेगाहर्ट्झ आणि पृथ्वीपाशी येईतोवर वीस-तीस किलोहर्ट्झ. ह्यातल्या साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लाटा आपल्या डोक्यावरचं आयनोस्फियर आत येऊ देत नाही, म्हणून खालचा भाग यानांनीच ऐकायचा. वरचा भाग जमिनीवरनं दिसतो. बंगळुरूजवळ गौरीबिदनूरला त्याचीच वेधशाळा आहे, आणि आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, त्यांच्यावरही सूर्याचे असले स्फोट अभ्यासलेत. स्फोट काही सेकंदांचा असतो आणि वरच्या फ्रीक्वेन्सीवरनं झपकन खाली घसरत येतो, एकाच स्टेशनवर लावलेल्या रेडिओत ती घसरण कळणार कशी?

प्रश्न : सर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी पार्टिकल-इन-सेल कोड लिहिलाय, म्हंजे ग्रिडच्या घरांतनं कण पळवणारा, वन-डी. एकसारख्या प्लाझ्मात ग्रोथ रेट बरोबर येतो, पण घनतेला उतार दिला की बीम सोडायच्या आधीच सगळीकडं लाटा उसळतात. कोड चुकलाय का फिजिक्स?
(विद्यार्थी, कराड)

उत्तर : दोन्ही नाही, तुझी सुरुवातीची मांडणी. तू बहुतेक आयन जागेवर खिळवून ठेवलेस, इलेक्ट्रॉनची घनता आयनांएवढीच दिलीस, आणि इलेक्ट्रिक फील्ड शून्य ठेवलंस. आता उतारावर इलेक्ट्रॉनांचं प्रेशर एका बाजूला जास्त आहे, ते लगेच कमी घनतेकडं ढकलले जाणार, मागं आयन उघडे पडणार, फील्ड तयार होणार, आणि सगळा डबा प्लाझ्मा फ्रीक्वेन्सीवर डुलायला लागणार. खऱ्या प्लाझ्मात तो उतार धरून ठेवणारं फील्ड आधीपासनंच असतं, तापमान सारखं असेल तर पोटेन्शियल घनतेच्या लॉगरिदमच्या प्रमाणात. तेवढं सुरुवातीलाच घाल, आणि ते फील्ड ज्या किंचित चार्जफरकामुळं येतं तो फरकही इलेक्ट्रॉनच्या घनतेत घाल, नाहीतर चार्जवरनं फील्ड काढणारा पॉयसन सॉल्व्हर पहिल्याच स्टेपला तुझं फील्ड पुसून टाकेल.

दुसरं म्हणजे बाउंडरी. एकसारख्या प्लाझ्माला पिरिऑडिक बाउंडरी शोभते, उताराला नाही, कारण डब्याचं एक टोक दुसऱ्याला जोडलं की तिथं घनतेचा कडा तयार होतो आणि बीम फिरून फिरून त्याच कड्यावर आदळतो. एकतर घनता साइनसारखी चढउतार करणारी घे म्हणजे टोकं जुळतील, किंवा डबा उघडा ठेवून एका बाजूनं बीम सोडत राहा. मी असतो तर दुसरं केलं असतं, काम जास्त आहे पण प्रश्न मुळात तोच आहे.

बाकी नेहमीचं, ग्रिडची घरं डिबाय लांबीएवढी (प्लाझ्मात एका चार्जचा प्रभाव जेवढ्या अंतरापर्यंत पोचतो ती) तरी बारीक ठेव नाहीतर प्लाझ्मा आपोआप तापायला लागतो, आणि बारीक ठेवायची ती सगळ्यात दाट भागातल्या डिबाय लांबीप्रमाणं, कारण दाट भागात ती सगळ्यात छोटी असते. पार्टिकल कमी असले तर नॉइज जास्त, चौपट केले तर निम्मा होतो, त्यामुळं दहा लाखांत एक असला बीम वन-डी कोडमध्ये सुद्धा हट्टानं करू नको, हजारांत एक घे आणि रिपोर्टमध्ये तसं लिही. आणि मेन म्हणजे अख्ख्या डब्याची एनर्जी काढून तिच्या लॉगवर रेषा मारून एक ग्रोथ रेट देऊ नको. एक्स-टी वर फील्डचा नकाशा काढ, लाट कुठं जन्मली, कुठं सरकली, कुठं मेली हे त्यातच दिसतं, एका आकड्यात ते सगळं मिटून जातं. गाईडनी आकडाच मागितला तर नकाशा आधी दाखव, मग आकडा.

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला ह्याच विषयात पुढं जायचंय म्हणते. इकडं जवळपास काही आहे का, आणि नोकरीचं काय?
(एक आई, सातारा)

उत्तर : ताई, आधी तिला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करू द्या, ते साताऱ्या-कोल्हापूरकडंही होतं. खास प्लाझ्माचं मोठं ठिकाण म्हणजे गांधीनगरजवळची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च, अणुऊर्जा विभागाची, आदित्य टोकामॅक (तापलेला प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणारं यंत्र) तिथंच १९८९ साली सुरू झाला. तिथली पीएच.डी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधनं होते. सूर्याकडं ओढा असेल तर इस्रोचं सूर्य अभ्यासणारं यान आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये गेलंय, त्याचा डेटा वाचणारी माणसं लागणारच आहेत. नोकरीचं खरं सांगायचं तर जागा थोड्या आणि वाट लांब. पण ह्यात हात बसलेल्याला न्यूमेरिकल कोडिंग पक्कं येतं, ते कुठंही विकलं जातं. लग्नाचं विचारलं नाहीत ते बरं केलंत.

प्रश्न : एकसारखेपणा नसला की बीम वाचतो म्हणता, मग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतले लोक त्यांच्या प्रयोगात प्लाझ्मा एवढा एकसारखा ठेवायला का धडपडतात? यूट्यूबवर बघितलं.
(शिक्षक, वाई)

उत्तर : गुरुजी, प्रश्न आवडला. कारण त्यांना लाट मारायची नाही, वाढवायची आहे. अवेक नावाचा तो प्रयोग, प्लाझ्मातल्या लाटेवर इलेक्ट्रॉन बसवून त्यांची एनर्जी वाढवण्याचा. त्यात ४०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा बीम १० मीटर लांबीच्या रुबिडियमच्या प्लाझ्मातनं जातो. घनता घन सेंटीमीटरला ७ वर चौदा शून्यं धरली तर प्लाझ्मा फ्रीक्वेन्सी २३७ गिगाहर्ट्झ पडते आणि लाटेची लांबी सव्वा मिलिमीटर. प्रोटॉनचा गठ्ठा त्या मानानं फार लांब, काही सेंटीमीटरचा, एवढा लांब गठ्ठा काही जोरदार लाट उठवू शकत नाही. मग ते इन्स्टॅबिलिटीलाच कामाला लावतात, सेल्फ-मॉड्युलेशन म्हणतात तिला, तिनं त्या गठ्ठ्याचे सव्वा-सव्वा मिलिमीटरवर तुकडे पडतात, आणि सगळे तुकडे एका तालात लाटेला ढकलत राहतात. २०१८ मध्ये ह्या लाटेवर इलेक्ट्रॉन बसवून २ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले.

आता इथं घनता थोडी जरी बदलली तर सव्वा मिलिमीटरचं माप बदलणार. गठ्ठ्याच्या तोंडापासनं शंभर लाटा मागं बसलेल्या इलेक्ट्रॉनच्या दृष्टीनं बघा, घनता १ टक्का बदलली की लाटेची लांबी अर्धा टक्का बदलते, आणि शंभर लाटांत मिळून अर्धी लाट सरकते, म्हंजे जिथं वेग वाढायचा तिथं कमी व्हायला लागतो. म्हणून त्यांनी घनता ०.२ टक्क्यांच्या आत सारखी ठेवायचं ठरवलं, आणि ते साधलं कशानं, तर रुबिडियमच्या वाफेचं तापमान अख्ख्या नळीभर सारखं ठेवून. पण पुढचं ऐका, तेच लोक नळीच्या सुरुवातीच्या भागात मुद्दाम घनतेची एक पायरीही देतात, कारण तुकडे पडून झाल्यावर इन्स्टॅबिलिटी तशीच चालू राहिली तर ती ते तुकडेही उधळून टाकते, आणि लाटेचा जोर पुढं ओसरतो. योग्य जागी थोडी घनता वाढवली की तुकडे जागेवर टिकतात. पायरी चुकीच्या जागी दिली तर फायदा जातो, आणि ती जागा किती मीटरवर ठेवायची हे सिम्युलेशन करून, मग नळीवर मोजून, असंच ठरवावं लागतं.